मास्क खाली घेणाऱ्या मॅडमना

मॅडम, नमस्कार.

परभणीला तुमच्या दवाखान्यात दिवसभर रांग असते. त्यात सेलूकडून आलेला एक बाप आणि त्याचं सात वर्षांचं लेकरू तुम्हाला आठवणार नाही. पण आमच्या घरात तुमचं नाव निघाल्याशिवाय दिवस जात नाही, म्हणून हे लिहितोय.

तुमच्याकडं यायच्या आधीचं वर्ष आम्हाला फार जड गेलं. पोरगा हाक मारली की कधी यायचा, कधी ढिम्म बसायचा. सगळे म्हणायचे, मनात आलं की ऐकतो, नाहीतर नाही. शाळेत तर पालकांच्या बैठकीत सगळ्यांसमोर त्याला 'ढ' म्हणून झालं होतं. एका डॉक्टरांनी दर खेपेला नवं अँटिबायोटिक लिहिलं, कानात एकदाही बॅटरी धरली नाही. दुसऱ्या एका ठिकाणी तर पहिल्याच भेटीत कानाच्या मशीनची किंमत सांगितली. माझ्याकडं बघायचीही तसदी न घेता, माझ्या लेकराच्या डोक्यावरून.

त्यांचं सोडा. माझंच सांगतो. सोयाबीनची मळणी चालू होती, भुसा उडत होता. बैलाला पाणी पाज म्हणून मी तीनदा ओरडलो. तो पाठमोरा होता, वळला नाही. मी जाऊन त्याच्या थोबाडीत मारली. तो रडला नाही, नुसता माझ्या तोंडाकडं बघत राहिला, मी काय बोलतोय ते कळावं म्हणून. तेव्हा मला हे उमगलं नव्हतं.

मॅडम, तुम्ही आमचे जुने कागद हातात घेतलेत आणि बाजूला ठेवलेत. स्टूल पुढं ओढलंत, त्याच्या समोर बसलात आणि मास्क हनुवटीखाली घेतलात. 'शेजारी कोण बसतं रे तुझ्या?' त्यानं सांगितलं. 'डब्यात काय आणतोस?' तेही सांगितलं. एकदाही 'अं?' केलं नाही. मग तुम्ही मास्क वर घेतलात आणि तेवढ्याच आवाजात अजून एक विचारलंत. तो गप. माझ्याकडं बघायला लागला. तुम्ही परत मास्क खाली घेऊन त्यालाच म्हणालात, मला नाही, त्याला: 'तू नीट लक्ष देतोस बाळा. आवाजच तुझ्यापर्यंत अर्धा पोचतो.'

माझ्या लेकराची बाजू घेणारं ते पहिलं माणूस. बाप असून मी नव्हतो.

त्याच्या नाकावरची आडवी रेघही तुम्हीच दाखवलीत. तळहातानं नाक सारखं वर चोळून ती पडते, असं म्हणालात. सकाळच्या शिंका, डोळ्यांखालचं काळं, हे सगळं आम्ही सर्दीत काढलं होतं. ती ॲलर्जी होती. नाकाच्या मागून कानाच्या पडद्याआडच्या पोकळीपर्यंत एक नळी जाते, घास गिळताना ती उघडते आणि आत हवा जाते, हे मला चाळिशीत पहिल्यांदा कळलं. लहान लेकरांची ती नळी आखूड आणि आडवी असते. नाक आतून सुजलं की तिचं तोंड बंद होतं, आतली हवा जिरते, पडदा आत ओढला जातो आणि पाणी साचतं. पू नसतो, ठणका नसतो, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. ऐकू येणंही रोज सारखं नसतं, आज बरं, उद्या कमी. म्हणजे तो 'मनात आलं की' ऐकत नव्हता. कान जेवढं देईल तेवढं ऐकत होता. मला तुम्ही दोन्ही कानांत बोटं घालायला लावलीत आणि बोलत राहिलात. त्या मिनिटाला मला ती थोबाडीत आठवली.

तुम्ही भीती घातली नाहीत आणि खोटा भरवसाही दिला नाहीत. नाकाचा फवारा नाकासाठी आहे, कानातलं पाणी बऱ्याचदा आपोआप ओसरतं, तीन महिने वाट बघू, नाही ओसरलं तर पडद्यात बारीक नळी बसवायचा विचार करू, एवढं सरळ सांगितलंत. फवाऱ्याचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडं नाही, बाहेरच्या बाजूला धरायचं, हे त्याच्याच हातून दोनदा करवून घेतलंत. शाळेसाठी चिठ्ठी दिलीत: पुढच्या बाकावर बसवा, समोर उभं राहून बोला. ती चिठ्ठी वाचून बाईंना वाईट वाटलं. आता त्या फळ्याकडं तोंड करून बोलत नाहीत. बाकीच्या पोरांनाही त्याचा फायदाच झाला असेल.

तीन महिन्यांनी कान तपासायच्या मशीनच्या कागदावरची सपाट रेघ डोंगरासारखी वर आलेली, म्हणजे कानातलं पाणी ओसरलेलं, तुम्ही त्याला दाखवलंत. पुन्हा त्यालाच, आधी. नळी बसवायची वेळ आली नाही.

बसमध्ये चढताना म्हाताऱ्याचं गाठोडं धरणारी माणसं मी पाहिलीत, दुष्काळात स्वतःच्या विहिरीवरून गावाला पाणी देणारी पाहिलीत. अशी माणसं बोलून दाखवत नाहीत, हातानं करतात. तुमचा तो मास्क खाली ओढलेला हात मला त्यांच्यातलाच वाटतो.

पोरगा तुम्हाला 'तोंड दिसणाऱ्या मॅडम' म्हणतो. येत्या पौषात ज्वारी हुरड्यावर आली की शेतावर या. भुश्यापासून लांब, आंब्याखाली बसायची सोय करतो. कणसं कोण भाजणार हे त्यानं आत्ताच ठरवलंय, आणि तुम्हाला त्याच्या समोरच बसायचंय असं त्यानं मला तीनदा बजावलंय.

तुमचा ऋणी,
सेलूकडचा एक बाप