गाडी येईल तेव्हा येईल, तुम्ही मेमध्येच या

डेन्व्हर,
25 मार्च 2023

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाडव्याला फोनवर बाबा म्हणाले, "तुमची ती विजेची गाडी आली की कळव, मग तिकिटं काढतो." तेव्हापासून ते वाक्य मनातून जात नाही. मुलांच्या गडबडीत फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मुद्दा आधीच सांगते: गाडीसाठी थांबू नका. मेच्या मध्यावर इथे पोचाल अशी तिकिटं काढा. का, ते पुढे लिहिलंय. बाबा कारणं ऐकल्याशिवाय काही मान्य करत नाहीत, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे.

गाडीचं आधी. पैसे भरून आम्ही रांगेत आहोत आणि कंपनीकडून येणारी तारीख पुढे पुढे जाते आहे. आता नवीन पत्रात नुसतं "वर्षाच्या उत्तरार्धात" असं लिहिलंय. बाबा, हे फक्त आमच्या नशिबी आलेलं नाही. टेस्लाने सायबरट्रक नावाची विजेची पिकअप 2019 च्या नोव्हेंबरमध्ये दाखवली, लोकांनी शंभर-शंभर डॉलर भरून नाव नोंदवलं, आणि आज 2023 चा मार्च संपत आला तरी एकाही गिऱ्हाइकाच्या हाती गाडी पडलेली नाही. रिव्हियन नावाच्या कंपनीने आपली विजेची पिकअप 2018 मध्ये दाखवली, ती पहिल्या गिऱ्हाइकाला मिळाली 2021 च्या सप्टेंबरमध्ये. फोर्डने 2021 च्या मेमध्ये लाइटनिंग ही विजेची पिकअप जाहीर केली तेव्हा सर्वांत स्वस्त मॉडेल चाळीस हजार डॉलरच्या किंचित आत होतं. दोन लाखांच्या आसपास नोंदणी झाल्यावर त्यांनी यादीच बंद केली, आणि गेल्या डिसेंबरपर्यंत तेच मॉडेल पंचावन्न हजारांच्या पुढे गेलं. मधल्या काळात इलेक्ट्रॉनिक चिपांचा तुटवडा होता, बॅटरीचे सेल पुरत नव्हते, कच्चा माल महागला होता. त्यातच गेल्या महिन्यात डिअरबॉर्नमध्ये, कारखान्यातून निघून तपासणीसाठी थांबलेल्या एका लाइटनिंगच्या बॅटरीला आग लागली. फोर्डने काम थांबवलं, ते या 13 तारखेला पुन्हा सुरू झालं. मला तर ते बरं वाटलं. आगीचं कारण न शोधता गाडी लोकांच्या दारात पाठवण्यापेक्षा चार महिने उशीर झालेला मला चालेल. त्या गाडीत आमची मुलं बसणार आहेत, तुम्ही बसणार आहात.

पण म्हणून तुम्ही तिकडे ताटकळत बसावं, हे मला चालणार नाही.

आता ट्रेलरचं, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या त्या चाकांवरच्या खोलीचं. आई, तो घेतला तो तुझ्यासाठीच. मागच्या खेपेला आपण यलोस्टोनला गेलो तेव्हा रस्त्यात संडास कसा असेल या धास्तीने तू दिवसदिवस पाणी प्यायची नाहीस, आणि रात्री मोटेलच्या खोलीत पाय धरून बसायचीस. तेव्हाच मी ठरवलं की पुढच्या वेळी तुझी खोली तुझ्याबरोबर चालली पाहिजे. जुनाच घेतलाय, पण आत धड झोपता येईल असा पलंग आहे, दोन शेगड्या आहेत, छोटा फ्रीज आहे, संडास-बाथरूम आहे. दाराशी पायऱ्या उंच होत्या, तिथे यांनी धरायला दांडा बसवून घेतला आणि एक रुंद पायरी वाढवली. वाटेल तिथे थांबायचं, चहा टाकायचा, गुडघे सरळ करून अर्धा तास पडायचं.

बाबांनी विचारलं होतं, "विजेची गाडी एवढं ओढेल का?" ओढेल, आणि मजेत ओढेल. लाइटनिंग योग्य जोडणीसह साडेचार टनांपर्यंत ओढते, रिव्हियन जवळजवळ पाच टन. आपला ट्रेलर सामानासकट सव्वादोन टनांचा आहे. मोटरला पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर असतो. गियर नाही, धापा टाकणं नाही. शिवाय इथे उंचीमुळे हवा विरळ, त्यामुळे पेट्रोलचं इंजिन घाटात दमतं. विजेच्या मोटरला त्याने फरक पडत नाही.

अडचण ताकदीची नाही, अंतराची आहे, आणि ती तुमच्यापासून लपवून ठेवणार नाही. लाइटनिंगची मोठी बॅटरी 131 किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या वीजबिलातली 131 युनिटं. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण 15 लिटर पेट्रोलमध्ये साधारण तेवढीच ऊर्जा असते. पेट्रोलचं इंजिन त्यातला निम्म्याहून बराच जास्त भाग उष्णता म्हणून वाया घालवतं, मोटर फारच थोडा घालवते, म्हणून त्या 15 लिटरांएवढ्या ऊर्जेवर ही गाडी रिकामी असताना पाचशे किलोमीटर जाते. मागे ट्रेलर लावला की हिशेब बदलतो. यांच्या कामावरच्या एकाने आपली इलेक्ट्रिक पिकअप आम्हाला दिली होती, तिला आम्ही ट्रेलर जोडून कोलोरॅडो स्प्रिंग्जपर्यंत जाऊन आलो. एरवी ती युनिटला साडेतीन किलोमीटर देते, ट्रेलरसह जेमतेम दीड. बॅटरी कधी तळापर्यंत रिकामी करायची नाही, आणि रस्त्यावर ती शंभर टक्के भरायला फार वेळ लागतो. म्हणजे दर सव्वाशे-दीडशे किलोमीटरला थांबणं आलं.

बाबा, तुम्ही म्हणाल वजनामुळे. मलाही आधी तसंच वाटायचं, कारण तुम्ही उसाच्या दोन भरल्या ट्रॉल्या ट्रॅक्टरमागे लावून कारखान्यावर न्यायचात तेव्हा सगळा खेळ वजनाचाच असायचा. पण ट्रॅक्टर वीस-पंचवीसच्या वेगाने जायचा. इथे हायवेवर शंभर-एकशे दहाच्या वेगात वजनापेक्षा हवा नडते. ट्रेलरचं उभं, चौकोनी तोंड वारा अंगावर घेतं आणि त्या वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. एकशे दहावरून पंच्याण्णववर आलं तरी तो रोध चौथ्या हिश्श्याने कमी होतो. म्हणून यांचा पाय हलका ठेवायचं काम मी घेतलंय.

वजन नडतं ते चढाला. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत रस्ता 1,600 मीटरवरून 3,400 मीटरवर चढतो. गाडी आणि ट्रेलर मिळून साडेपाच टन धरले तर नुसतं तेवढं वर न्यायलाच 27 युनिटं लागतात, वाऱ्याचा खर्च वेगळा. पलीकडे उतारावर मोटरच जनित्र होते, वेग आवरते आणि त्यातला चांगला वाटा बॅटरीत परत टाकते. लांब उतारावर ब्रेक तापण्याची भीती तुम्हाला नेहमी वाटायची ना, ती इथे पुष्कळ कमी झालेली आहे. मला या गाडीतलं सर्वांत आवडलेलं हेच.

सर्वांत न आवडलेलं म्हणजे चार्जिंगची ठिकाणं. ती बांधणाऱ्यांच्या मनात ट्रेलर नव्हताच. मॉलच्या पार्किंगसारखे एका गाडीपुरते कप्पे आणि तोकड्या वायरी. ट्रेलरसकट आत शिरलं तर मागच्या चार जणांचा रस्ता अडतो. मग कोपऱ्यात ट्रेलर सोडायचा, चाकांना अडणी लावायची, गाडी चार्ज करायची, परत येऊन जोडायचा, साखळ्या, दिव्यांची वायर, ब्रेक सगळं पुन्हा तपासायचं. पेट्रोल पंपासारखं एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघता येईल अशा जागा अगदी थोड्या आहेत. त्या वाढायलाच हव्यात. ओढायच्या गाड्या विकायच्या आणि ओढणाऱ्याला थांबायला जागा द्यायची नाही, हे मला अजिबात पटत नाही.

एक सोय मात्र चांगली आहे. मुक्कामाच्या तळांवर ट्रेलरसाठी 240 व्होल्टचा, 50 अँपिअरचा सॉकेट पुष्कळ ठिकाणी असतो. तळवाल्यांना विचारून त्याच्यावर गाडी लावली तर रात्रभरात सत्तर-ऐंशी युनिटं भरतात. आपण झोपलेलो असताना झालेलं चार्जिंग कुणाला जड होत नाही.

ट्रेलर भरायचं बाबा आल्यावर त्यांच्याकडेच सोपवणार आहे. जोडाच्या टोकावर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हवा. त्याहून कमी, म्हणजे उलाळ, मागे जड भरला, तर हायवेवर ट्रेलर मागे हेलकावे खायला लागतो आणि मग आवरणं कठीण. इथले लोक काटा लावून मोजतात. आम्हीही मोजतो. पण कुठली पिशवी पुढे, कुठली मागे हे तुमच्याइतकं पटकन कुणाला कळत नाही.

तर आता मे महिना का. आपल्याला ग्रेट सँड ड्यून्सच्या राष्ट्रीय उद्यानात जायचंय. उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत उंच वाळूच्या टेकड्या, सव्वादोनशे मीटरच्या आसपास, आणि त्यांच्या पायथ्याशी मेडानो नावाचा ओढा. डोंगरावरचा बर्फ वितळतो तेव्हा, मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला, त्याला भरपूर पाणी असतं. घोट्याएवढं पाणी, खाली मऊ वाळू, आणि पाण्याच्या लहान लहान लाटा थांबून थांबून येतात. जुलै-ऑगस्टपर्यंत तो आटून जातो. आई, तुला टेकडी चढायची नाही, त्या पाण्यात पाय सोडून बसायचंय. वाळूतून चालणारी रुंद चाकांची खुर्ची तिथे उद्यानाकडून वापरायला मिळते, त्यामुळे ओढ्यापर्यंत जायची काळजी नको.

आणि तिथे आपण विजेच्या गाडीने जाणार नाही. ट्रेलर ओढायची परवानगी असलेली डिझेल पिकअप भाड्याने ठरवली आहे. उद्यानातल्या तळावर विजेची जोडणी नाही, घरापासून चारशे किलोमीटर, मध्ये ला व्हेटाची खिंड. तुम्हाला बरोबर घेऊन पहिल्याच प्रवासात चार्जरच्या रांगेत मला उभं राहायचं नाही. विजेचीच गाडी घ्यायची हे मात्र पक्कं आहे. डेन्व्हरची उन्हाळी हवा इतकी बिघडते की गेल्या वर्षी सरकारने जमिनीलगतच्या ओझोन प्रदूषणाच्या बाबतीत या भागाला "गंभीर" गटात टाकलंय. मुलांचा खोकला मी पाहते आहे. एरवी वर्षभर आमची गाडी गावातच धावणार, रात्री घरी भरणार. ओढण्याचे प्रवास वर्षातले मोजके, ते थांबत थांबत, मुक्काम जवळजवळ घेत करू.

बाबा, खरं कारण अजून वेगळं आहे आणि ते लिहिताना हात थांबतोय. तुम्ही "पुढच्या वर्षी" म्हणता तेव्हा मला आईचे गुडघे दिसतात, तुमचा रक्तदाब दिसतो. धाकटा आत्ता तुमच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकायच्या वयात आहे. कंपनीची तारीख हलली तर मी वाट बघेन. तुमची तारीख हललेली मला सोसणार नाही.

तयारीचं थोडं: डेन्व्हरच सोळाशे मीटरवर आहे आणि टेकड्या अडीच हजारांवर, म्हणून आधी दोन आठवडे घरी राहून मगच निघू. निघण्यापूर्वी डॉक्टरांना उंचीबद्दल विचारा आणि गोळ्यांच्या चिठ्ठीची प्रत बरोबर घ्या. आईचा गुडघ्याचा पट्टा हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत टाकू नका. मुंबईच्या विमानतळावर दोघांसाठीही व्हीलचेअर मागा, बाबांनी नको म्हणायचं नाही. लोणच्याच्या बरण्या कमी आणा, मेतकूट मात्र आणा, धाकट्याला भाताबरोबर फार आवडतं.

रविवारी फोन करते. तेव्हा तिकिटांची तारीख सांगा, म्हणजे तळावरची जागा पक्की करता येईल.

तुमची,
थोरली