पेद्री, गावी आणि आपल्या आखरावरची पोट्टी

मु. पो. आपलं गाव, ता. दारव्हा, जि. यवतमाळ
१ नोव्हेंबर २०२५

प्रिय दोस्ता,

स. न. वि. वि.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी माद्रिदनं आपल्या बार्सिलोनाला २-१ नं हरवलं आणि दहा मिनिटांच्या आत तुझा निरोप आला. मधल्या फळीतल्या गावीला विका, कासादोला विका, पोरसवदा बेर्नालला उद्यापासून नव्वद मिनिटं खेळवा. त्याच दमात शेवटची ओळ: आपल्या आखरावरच्या, गावाबाहेरच्या मैदानावरच्या, त्या लहान्या पोट्ट्याला आता मोठ्यांच्या टीममध्ये घे आणि डिसेंबरात ट्रायलला पुण्याला पाठव, राहायचं मी बघतो. फोनवर एवढं सगळं बोलणं होत नाही, म्हणून वही घेऊन बसलो.

सामना मी जागलीवर पाहिला. तुरीत डुकरं शिरायला लागलीत, त्यामुळं दिवाळीतही एक रात्र घरी झोपलो नाही. मचाणावर पाण्याच्या कॅनला मोबाइल टेकवला, आवाज बंद ठेवला आणि दर पंधरा मिनिटांनी उठून डबा वाजवला. आपल्या फेर्मीनचा गोल झाला तेव्हा मी धुऱ्यावर होतो. परत येऊन पाहतो तर सगळे त्याच्या गळ्यात पडलेले. शेवटी भरपाईच्या वेळेत पेद्रीला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि तो मान खाली घालून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी कळलं की त्याच्या मांडीचा मागचा स्नायूही फाटलाय. मला हरल्याचं तितकं वाटलं नाही जितकं त्या बातमीचं वाटलं.

तू पेद्रीबद्दल काही लिहिलं नाहीस, कारण त्याच्याबद्दल आपलं भांडणच नाही. पण मला त्याच्यापासूनच सुरुवात करायची आहे. २०२०-२१ आठव. लास पाल्मासहून आलेलं सतरा-अठरा वर्षांचं पोरगं. बार्सासाठी तो जवळजवळ प्रत्येक सामना खेळला, मग युरो, आणि युरो संपते न संपते तोच टोकियो ऑलिम्पिक. एका हंगामात सत्तरहून जास्त सामने. युरोच्या उपांत्य फेरीत इटलीविरुद्ध त्यानं ६६ पैकी ६५ पास बरोबर दिले, तेव्हा आपण दोघं तुमच्या गच्चीवर नाचलो होतो. पुढच्या हंगामात त्याची मांडी पुन्हा पुन्हा गेली. तेव्हा तूच म्हणाला होतास, "हा पोरगा काचेचा आहे." काचेचा नव्हता रे तो. २०२४ मध्ये प्रशिक्षक म्हणून हान्सी फ्लिक आला, सोबत खुलिओ तोउससारखा फिटनेसचा माणूस आला, आणि तोच पेद्री जवळजवळ अख्खा हंगाम उभा राहिला. लीग, कोपा देल रे, सुपर कप, तिन्ही आपल्याकडे. कोपाच्या फायनलमध्ये माद्रिदविरुद्ध पहिला गोल त्याचाच.

माझे बाबा गोऱ्ह्याबद्दल जे सांगतात ते तुला माहीत आहे. गोऱ्हा कितीही तगडा दिसू दे, त्याला एकदम भरल्या बंडीला जुंपायचं नाही. आधी डवऱ्याला, तेही जुन्या बैलाच्या जोडीला. ओझं जुना ओढतो, गोऱ्हा नुसता तास धरायला शिकतो. खांदा एकदा बसला की मग जन्मभर ओढतो. घाई केली तर खांदा सुजतो, आणि खांदा सुजलेला बैल जू पाहिलं की मान काढून घेतो. आपल्या मधल्या फळीचं गणित मला याहून वेगळं दिसत नाही.

आता बेर्नाल. बेर्गासारख्या लहान गावचा, उंच, डावखुरा, बचावफळीच्या पुढं, बुस्केट्सच्या जागेवर खेळणारा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, सतरा वर्षांचा असताना, लीगच्या पहिल्या तिन्ही सामन्यांत फ्लिकनं त्याला सुरुवातीपासून उतरवलं. तिसरा सामना रायो वायेकानोविरुद्ध, २७ ऑगस्टला. सामना संपत आला होता आणि गुडघा गेला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला मुख्य अस्थिबंध. वर्षभरानं, या सप्टेंबरात, तो परत आला. आता त्याला थोडी थोडी मिनिटं मिळताहेत, त्याचा तुला राग येतो. मला मात्र पहिल्यांदाच बरं वाटतंय. फ्रेंकी डी याँग आहे ना मैदानात? असू दे. जुना बैल आहे तोपर्यंत ओढेल. अठराव्या वर्षी बेर्नालकडे काय कमी आहे? नजर आहे, उंची आहे, पास देताना घाबरत नाही. गुडघ्याला फक्त दिवस हवे आहेत.

कासादोला विका म्हणतोस, पण गेल्या वर्षीचं माद्रिदचं मैदान, बर्नाबेऊ, विसरलास का? २६ ऑक्टोबर २०२४, आपण ४-० नं जिंकलो. एम्बापे आठ वेळा ऑफसाइड. पहिल्या गोलाचा तो पास, बचावफळी चिरून लेवांदोव्स्कीच्या पुढ्यात गेलेला, कोणाचा होता? बेर्नाल पडला म्हणून ती जागा कासादोला मिळाली, आणि त्यानं ती महिनोन् महिने सांभाळली. तो पेद्री होणार नाही, हे मलाही दिसतं. गर्दीत मागून माणूस आला की त्याला वळायला वेळ लागतो. पण संघाला असाही एक लागतो जो बाकावर बसून तयार असतो. आपल्या गावात विहिरीचा दुसरा पंप कोणी विकतं का, पहिला चालू आहे म्हणून?

फेर्मीनबद्दल थोडंच लिहितो, कारण त्याच्याबद्दल मला काळजीच नाही. खाणीच्या मुलखातल्या एल काम्पियो नावाच्या छोट्या गावचा पोरगा. क्लबनं त्याला तिसऱ्या पायरीवरच्या लिनारेसला एक वर्ष उधारीवर पाठवलं. तिथल्या मैदानांवर धक्के खाऊन आला, म्हणून २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये सहा गोल, त्यातले दोन फायनलमध्ये फ्रान्सविरुद्ध. आणि आता ऑलिम्पियाकोसविरुद्ध हॅट्ट्रिक. पाठवलेल्या ठिकाणी तो रोज खेळला, हे महत्त्वाचं. रिकी पुच आठव. तू त्याला दुसरा झावी म्हणायचास, त्याच्या नावाचा शर्ट घातला होतास. आपण सगळ्यांनी त्याच्यावर जे ओझं टाकलं ते त्याच्या वाट्याला आलेल्या मिनिटांपेक्षा कितीतरी जास्त होतं. शेवटी २०२२ मध्ये तो अमेरिकेत गेला.

आता गावी. इथं मला जोरात बोलू दे.

सतरा वर्षं दोन महिन्यांचा असताना तो स्पेनसाठी इटलीविरुद्ध उतरला. बुटाच्या लेस सुटलेल्या, तशाच. २०२२ मध्ये गोल्डन बॉय, युरोपातल्या सर्वोत्तम तरुण खेळाडूचा किताब. कतारच्या विश्वचषकात कोस्टारिकाविरुद्ध गोल. आणि १९ नोव्हेंबर २०२३ ला वायादोलीदमध्ये, जॉर्जियाविरुद्ध, स्पेन युरोला आधीच पात्र ठरलेलं असताना, उजवा गुडघा गेला. जिंकलो काय, हरलो काय, युरोचं तिकीट जाणार नव्हतं अशा सामन्यात. त्याच पायानं त्याचा युरोही गेला, जो स्पेननं जिंकला. अकरा महिन्यांनी सेव्हियाविरुद्ध तो परत आला तेव्हा पेद्री बाहेर येत होता, आणि पेद्रीनं कप्तानाची पट्टी काढून त्याच्याकडे दिली. मी ते पाहिलं तेव्हा वावरात एकटा होतो आणि डोळ्यांतून पाणी आलं. या सप्टेंबरात त्याच गुडघ्याचं पुन्हा ऑपरेशन. तू म्हणतोस, संपला. एकवीस वर्षांचा आहे तो!

फ्लिकची बचावफळी पार मध्यरेषेजवळ उभी राहते. माद्रिदच्या खेळाडूला मान वर करून लांब पास द्यायला दोन सेकंद मिळाले की आपण उघडे पडतो. ते दोन सेकंद हिसकावून घेणारा माणूस म्हणजे गावी. चेंडू गेला की दुसरे मागे वळून पळतात, तो पुढं पळतो. हे शिकवून येत नाही. मात्र याच स्वभावामुळं त्याचा गुडघा धोक्यात आहे, हे मी मान्य करतो. परत आल्यावर त्याला पहिल्यासारखं रोज उतरवलं तर मीच पहिला ओरडेन. महिन्यातून चार सामने खेळू दे, पण खेळू दे. विकू नका.

हे सगळं मी एवढं जीव तोडून का लिहितोय ते तुला कळलं असेल. आपल्या टीमचा आठ नंबर. तो पडला तेव्हा तू इथं नव्हतास.

गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत तालुक्याकडच्या एका खुल्या स्पर्धेला गेलो होतो. सोळा वर्षांचं पोट्टं, दोन दिवसांत पाच सामने. मैदान काळ्या मातीचं, वरून रोलर फिरवलेला पण खाली भेगा तशाच. आयोजकांना मी म्हणालो की उपांत्य सामना उद्या घ्या, ते म्हणाले की पाहुणे आजच बक्षीस देणार आहेत. मी टीम काढून घ्यायला हवी होती. घेतली नाही. मध्यंतराला पोरगा म्हणाला, "दादा, पाय जड पडून रायला." मी म्हटलं, वीस मिनिटं फक्त. अकराव्या मिनिटाला तो वळला, बूट भेगेत अडकला, पाय तिथंच राहिला आणि अंग वळलं. आवाज मला लाइनीवर ऐकू आला, ओल्या पऱ्हाटीची काडी मोडावी तसा. यवतमाळला एमआरआय केला. तेच, एसीएल. त्याचा बाप मला एक वाकडा शब्द सुद्धा बोलला नाही. बैलांना पाणी पाजत म्हणाला, "आता वर्षभर बसूनच राहीन थो." त्या बोलण्याचा मला अजून ताप होतो.

म्हणून तुझ्या शेवटच्या ओळीचं उत्तर असं: लहान्या या वर्षी मोठ्यांत खेळणार नाही, आणि डिसेंबरात पुण्याला येणार नाही. चौदा वर्षांचा आहे. वर्षभरात चांगला वीतभर वाढलाय, टाचा दुखतात म्हणतो. पोरगा गुणी आहे हे मला तुझ्यापेक्षा रोज जास्त दिसतं. पेद्रीला पाहून मी त्यांच्याकडून एक गोष्ट करून घेतो. पेद्री चेंडू यायच्या आधी दोनदा मान फिरवतो, आधी एका खांद्यावरून, मग दुसऱ्या. अंग अर्धं उघडं ठेवतो आणि चेंडू लांबच्या पायावर घेतो. तर पास निघाला की मागं उभ्या असलेल्यानं बोटं वर करायची, आणि घेणाऱ्यानं चेंडू पायाला लागायच्या आत किती बोटं ते सांगायचं. बाकीची पोरं दहातून चार वेळा सांगतात. हा नऊ वेळा. एकदा तर "तीन" म्हणाला आणि त्याच पायानं चेंडू मागं वळवून निघून गेला, मी टाळ्या वाजवत राहिलो.

म्हणूनच त्याला सांभाळायचं आहे. जूनपासून आखरावर फिफाचा ११+ हा दुखापत टाळायचा सराव सुरू केलाय, खेळायच्या आधी वीस मिनिटं: धावणं, एका पायावर तोल, प्लँक, उडी मारून गुडघा आत न वळू देता उतरणं. सुरुवातीला पोट्टे कंटाळायचे, आता स्वतःच रांग लावतात. आखरावरच्या भेगाही आम्ही मातीनं बुजवल्या, दोन रविवार लागले. आठवड्याला एक सामना, त्याहून जास्त नाही. ट्रायलचं दोन वर्षांनी बघू. आला तर तुझ्याकडेच राहील, त्याबद्दल मला शंका नाही. नागपूर-कामठीकडं एवढं फुटबॉल आहे, आधी तिथल्या चांगल्या टीमसोबत त्याला मैत्रीचे सामने खेळू दे.

संक्रांतीला येशील तेव्हा पाच नंबरचे दोन चांगले बॉल आण, आणि गुडघ्याच्या व्यायामाचे ते रबरी पट्टे, कमी ताणाचे आणि मध्यम ताणाचे, चार-चार. इथं मिळत नाहीत. पैसे मी कापूस विकला की देतो. बोंडअळीनं थोडं खाल्लं आहे, पण उद्या सीतादही, म्हणजे वेचणीच्या आधीची पूजा, करून पहिला वेचा सुरू करतोय.

पट्टे त्या आठ नंबरसाठी आहेत. आता तो सरळ रेषेत पळतो, वळण अजून घेऊ देत नाही. रोज संध्याकाळी आखरावर येतो. बोटं वर करायचं काम मी त्याच्याकडे दिलंय. लहान्याच्या मागं उभा राहतो आणि त्याला चुकवायला शेवटच्या क्षणी बोटं बदलतो.

घरी सगळ्यांना नमस्कार. वहिनींना सांग, तीळ आमच्याकडून येतील.

तुझाच,
जागलीवरचा दोस्त