पूरछावणीतल्या आचारी मामांना जाहीर आभारपत्र

मामा, सप्रेम नमस्कार.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कोल्हापुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी मागं टाकली. बोटींचे, जवानांचे, मदतीच्या ट्रकांचे फोटो सगळीकडं आले. शाळेच्या मागच्या पत्र्याखाली धुरात उभ्या राहिलेल्या आचाऱ्याचे आभार मानायचे मात्र राहून गेले. ते आज जाहीरपणे मानतोय. तुम्ही काय केलंत ते आकड्यांसकट लिहितोय, म्हणजे दुसऱ्या गावच्या पोरांवर वेळ आली तर त्यांनाही हाताशी राहील.

तुमचा हात बसलेला लग्नाच्या पंगतींवर आणि जत्रेच्या महाप्रसादावर. तिथं यादीप्रमाणं सामान येतं, जाड बुडाची भांडी असतात, पाण्याचा टँकर दारात असतो. निवारा केंद्रात यातलं एकही नाही. अशा ठिकाणी नवखा माणूस आधी विचारतो, “तांदूळ किती आलाय?” तुमचा पहिला प्रश्न होता, “पाणी कुठलं?” पुरात भोवती समुद्र असतो आणि नळ कोरडे, कारण उपसा केंद्रंच पाण्याखाली गेलेली असतात. जे मिळतं ते गढूळ.

गढूळ पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, थेट टाकली तर तिचा निम्मा जोर मातीच खाऊन टाकते. म्हणून आधी तुरटी फिरवून गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी दुसऱ्या टाकीत घ्यायचं. मग १००० लिटरला ५ ग्रॅम या हिशोबानं टीसीएल घ्यायची, ती बादलीभर पाण्यात कालवायची, चुना तळाशी बसला की वरचं पाणी तेवढं टाकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते दाखवणारी थेंबांची चाचणी; तिला पिवळी छटा आली तरच ते पाणी चुलीकडं. जुनी, ओल लागून गोळे झालेली पावडर तुम्ही बाजूला ठेवायला लावलीत, ते बरोबरच होतं. तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो, आणि लोकांना वाटतं आपण पाणी शुद्ध केलंय.

आता खिचडीचा तांदूळ. मदतीत येणारं प्रत्येक पोतं वेगळं. एकात रेशनचा जाड, दुसऱ्यात कोलम, तिसऱ्यात घरचा नवा इंद्रायणी. सगळे एकाच टोपात गेले की इंद्रायणीचा लगदा होतो तेव्हा जाड तांदळाच्या पोटात कणी राहते. तुम्ही प्रत्येक पोत्यातल्या मूठभर तांदळाची आधी परीक्षा घेतलीत. छोट्या पातेल्यात मोजून पाणी, दहा-बारा मिनिटांनी शीत बोटांच्या चिमटीत दाबून बघायचं, मधे पांढरा ठिपका किती उरला यावरून पाण्याचा अंदाज. मग पोत्यांवर कोळशानं एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. बारीक काम होतं ते, पण त्या रेघांमुळं नंतर कुणीही पोतं उचलून योग्य टोपाशी नेऊ शकत होतं. डाळीचंही तेच. मूग आणि मसूर तांदळाबरोबर शिजतात. तूरडाळ आलीच तर तासभर आधी भिजत घालायची आणि निम्मी शिजवूनच तांदळात सोडायची.

प्रमाण तुम्ही एका टोपाचं ठरवून दिलंत आणि त्यात शेवटपर्यंत बदल होऊ दिला नाहीत. साडेसात किलो तांदूळ, अडीच किलो डाळ, तीस लिटर उकळतं पाणी, चारशे ग्रॅम मीठ, पन्नास ग्रॅम हळद, पाऊण लिटर तेल. शंभर माणसांचा एक टोप, पाचशेला पाच. घरी मऊ खिचडीला चौपट पाणी घालतो तसं इथं घालायचं नाही, कारण मोठ्या झाकलेल्या टोपातून पाणी त्या मानानं कमी उडतं. तांदूळ नवा असेल तर त्यातूनही दोन-तीन लिटर कमी. टोप साठ लिटरचा हवा, त्याहून लहान असला की उकळी येताच फेस उतू जाऊन ज्योत विझते. दोनशे ग्रॅमचा एकच डाव, माणशी दोन डाव. त्यामुळं टोप रिकामा झाला की शंभर जण जेवले हे आपोआप कळायचं, वेगळी मोजदाद करावी लागायची नाही.

शाळेतले टोप पातळ ॲल्युमिनियमचे. त्यांच्याखाली तुम्ही भाकरीचे लोखंडी तवे सरकवलेत, म्हणजे ज्योत बुडाला थेट लागत नाही. उकळी येईपर्यंत लाकडी फळीनं तळापासून ढवळायचं, आली की आच उतरवायची. तरीही एखादं बुड लागतंच. तेव्हा घाबरून कुणी खरवडायला गेलं की करपट वास वरपर्यंत चढतो. टोप खाली उतरवून, तळाला हात न लावता वरची खिचडी दुसऱ्या भांड्यात काढली तर ती खाण्याजोगी राहते.

गॅसचं गणितही पावसात बदलतं. एकाच टाकीवर मोठी भट्टी सलग चालली की टाकीवर आधी दव येतं, मग बर्फ जमतो आणि ज्योत बसते. पोरं म्हणतात टाकी संपली, आणि कुणीतरी ती आडवी करायला धावतं. आडव्या टाकीतून पातळ गॅस थेट भट्टीत येतो आणि भडका उडतो. तुम्ही दोन टाक्या आलटून पालटून लावल्यात, बास. महामार्ग बंद पडून टाक्या यायच्या थांबल्या तेव्हा चूल मांडली, तीही ओल्या जमिनीवर नाही. खाली पत्रा, त्यावर सिमेंटचे ठोकळे, पेटवायला माळ्यावरच्या कोरड्या शेणी आणि चिपाड. ओली लाकडं चुलीभोवती उभी करून ठेवायची, सकाळची संध्याकाळपर्यंत वाळतात.

आमच्या मते तुमचं खरं कसब मात्र सवयीचं काय सोडायचं हे ओळखण्यात होतं. लग्नात चार पदार्थ लागतात, इथं तुम्ही एकावर आलात. ओलं खोबरं, दही, टोमॅटोचा रस्सा, म्हणजे लवकर आंबणारं सगळं बंद केलंत. सकाळीच पाच टोप रटरटत न ठेवता जेवणारे बसतील तसा एकेक टोप चढवलात, शिजल्यापासून दोन तासांत संपेल एवढाच. खोल टोपात भात तासन्‌तास कोमट राहतो आणि पोट बिघडवणारे जंतू त्या कोमटपणातच वाढतात. शंभर जणांना एका वेळी जुलाब लागलेली छावणी कुणाला आवरायची नाही. उरलेली खिचडी शेजारच्या गोठ्यात पाटीभर ओतायला निघालेल्यांनाही तुम्ही अडवलंत. जास्त भात एकदम पोटात गेला की जनावरांना अपचन होऊन पोट फुगतं.

आणि तिखट! कोल्हापूर जिल्ह्यात बिनतिखटाची खिचडी वाढणं हे धाडसच. पण तान्ही पोरं, बाळंतिणी, म्हातारी माणसं आणि तरणी पोरं एकाच टोपातून जेवणार होती. म्हणून टोप सौम्य ठेवून कांदा-लसूण चटणी वेगळ्या डब्यात दिलीत. कुरकुर झाली ती पहिल्या पंगतीपुरती.

बोटीनं छपरांवर पोचवायच्या डब्यांत खिचडी नको, हेही तुम्हीच ठणकावून सांगितलंत. पोचायला किती तास लागतील ते बोटवाल्यालाही माहीत नसतं. तिथं दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची कोरडी चटणी. बाहेरगावांहून आलेल्या भाकऱ्या गरम असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत भरल्या की घाम सुटून दुसऱ्या दिवशी बुरशी धरतात. त्या आधी सुती कापडावर पसरून गार करायच्या. सोलापूरकडची कडक भाकरी तेवढी या बाबतीत निर्धास्त.

एक विनंती आहे. तुमच्या सांगण्यावरून मे अखेर शाळेच्या वरच्या मजल्यावर ठेवायच्या सामानाची यादी केलीय. साठ लिटरचे पाच टोप, पाच तवे, दोन लाकडी फळ्या, दोनशे ग्रॅमचे सहा डाव, दहा किलो तुरटी, हवाबंद डब्यात पाच किलो ताजी टीसीएल, ओटीच्या दोन बाटल्या, शेणींची चार पोती. तेल आणि डाळ आधी भरावी की इशारा आल्यावर घ्यावी, यावर आमच्यात दोन मतं आहेत. तुम्ही एकदा येऊन सांगा, त्याप्रमाणं करू. येताना मामींनाही घेऊन या, या खेपेला चुलीपाशी आम्ही असू.

आपले,
निवारा केंद्रातले स्वयंसेवक