हिल डिस्ट्रिक्टच्या अनाम हातांचे आभार

अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराच्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत १९६७ साली स्थापन झालेल्या फ्रीडम हाउस रुग्णवाहिका सेवेतील ज्या कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांची नावे आमच्यापर्यंत कधी पोहोचलीच नाहीत, त्या तुम्हा सर्वांचे आम्ही मनःपूर्वक आभार मानतो. त्यापूर्वी तिथला अत्यवस्थ माणूस पोलिसांच्या गाडीत मागे एकटाच पडून असे, पोलीस पुढे बसत आणि रुग्णालय येईपर्यंत त्याच्या श्वासाकडे पाहणारे कोणी नसे. ज्यांना समाजाने कामाला नालायक ठरवून मोडीत काढले होते, त्या तुम्ही भूलतज्ज्ञ डॉ. पीटर सफार यांनी आखलेले सुमारे ३०० तासांचे प्रशिक्षण पूर्ण केले, आणि रस्त्यावरच गुडघे टेकून, रुग्णाची मान अलगद मागे कलवून, घशात नळी घालून त्याचा श्वास चालू ठेवला. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू करून फ्रीडम हाउस बंद पाडले आणि तुमच्यापैकी अनेकांना हळूहळू बाहेर ढकलले. हा उघड अन्याय होता, असे आम्हाला वाटते. तुमच्याबरोबर काम करत डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी घडवलेला अभ्यासक्रम मात्र पुढे अमेरिकाभर शिकवला गेला. धावत्या रुग्णवाहिकेत रुग्णाच्या उशाशी बसलेला प्रशिक्षित माणूस पाहिला, की ती जागा सर्वांआधी घेणाऱ्यांत तुम्ही होता, याची आम्हाला कृतज्ञतेने आठवण होते.