चादरींचे कपाट लावून दिल्याबद्दल काकींचे जाहीर आभार

तीर्थस्वरूप काकींस,
साष्टांग नमस्कार.

आमच्या माजघरातील चादरी-पांघरुणांचे कपाट तुम्ही लावून दिलेत, त्याला आता एक पूर्ण पावसाळा उलटला. काम झाले त्या दिवशी तुम्ही "शेजाऱ्यापाजाऱ्यांत आभार कसले मानायचे?" असे म्हणून विषय संपवलात आणि पुढे केलेली साडीही घेतली नाहीत. घरातल्या घरात मानलेले आभार तुम्ही स्वीकारणार नाही हे ओळखूनच हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. आणखी एक कारण आहे. तुम्ही जे शिकवलेत ते आमच्या फोंडा तालुक्यातच नव्हे, गोव्यातल्या कोणत्याही चिऱ्याच्या जुन्या घरात उपयोगी पडेल, आणि ते माझ्याजवळच राहावे असे मला वाटत नाही.

सासूबाईंच्या पश्चात ते कपाट माझ्याकडे आले तेव्हा त्यात दोन पिढ्यांचे कापड होते. सोलापुरी चादरी, अभ्रे, पंचे, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले टॉवेल, क्रोशाचे टेबलक्लॉथ, चवथीच्या मखरामागे लावायचे पडदे, आजेसासूबाईंनी जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ आणि या सगळ्यांच्या तळाशी, घडी कधीच न मोडलेल्या, लग्नकार्यांत आहेर म्हणून आलेल्या चादरी. घरात कापडाची वाण मुळीच नव्हती, परंतु रात्री अचानक पाहुणा आला तर त्याला देण्यासारखी एक कोरडी, बिनवासाची, मापाची चादर काढायला अर्धे कपाट उपसावे लागत असे.

किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलच्या लिनन रूममध्ये, म्हणजे चादरी-टॉवेल सांभाळण्याच्या विभागात, तुम्ही उमेदीची सारी वर्षे काढलीत, हे आम्हाला ठाऊक होते. त्यामुळे तुम्ही आल्या आल्या घड्या घालायला बसाल अशी माझी कल्पना होती. तुम्ही मात्र एकाही चादरीला हात न लावता प्रथम कपाटाच्या मागे हात घातलात, भिंतीवर तळवा ठेवून पाहिलात आणि कपाट रिकामे करून भिंतीपासून वीतभर पुढे ओढायला सांगितलेत. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, तो पावसाचे पाणी पितो आणि ते महिनोन्महिने धरून ठेवतो. गोव्यात वर्षाकाठी साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. अशा भिंतीला पाठ टेकवून उभ्या असलेल्या कपाटात मागच्या बाजूने ओल येतच राहते, मग आत घड्या कितीही नेटक्या असोत. कपाट लावायचे म्हणजे आधी वाऱ्याची वाट मोकळी करायची, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आले.

त्याच विचाराने तुम्ही सुताराला बोलावून अखंड फळ्यांच्या जागी मध्ये बोटभर फट सोडून लाकडी पट्ट्या बसवून घेतल्यात. त्यांवर धुतलेले कोरे मांजरपाट अंथरलेत, कारण लाकडातून सुटणाऱ्या आम्लाने पांढरे कापड घडीच्या रेषेवर पिवळे पडते. प्लॅस्टिकच्या सगळ्या पिशव्या, अगदी नव्या चादरी ज्या पिशव्यांतून आल्या होत्या त्यासुद्धा, बाहेर काढल्यात. "पिशवीत धूळ जात नाही हे खरे, पण आत अडकलेली ओलही बाहेर येत नाही," हे तुमचे वाक्य मी पुष्कळांना सांगितले आहे.

यानंतर तुम्ही कापडाची जी वाटणी केलीत तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटते. माझी सवय चादरींसोबत चादरी, अभ्र्यांसोबत अभ्रे अशी जातवार लावण्याची. तुम्ही घरातल्या खाटा मोजल्यात आणि प्रत्येक खाटेच्या नावाने कापड वेगळे केलेत. हॉटेलात ज्याला 'पार' म्हणतात तो हिशोब तुम्ही मला समजावून दिलात: एक जोड खाटेवर, एक धुण्यात आणि एक कपाटात. म्हणजे दर खाटेमागे तीन जोड पुरतात. आपल्याकडे पावसात दोरीवरचे कापड दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून घरासाठी चौथा जोड धरावा, अशी दुरुस्तीही तुम्हीच केलीत. हा हिशोब मांडल्याबरोबर कपाटातले निम्म्याहून अधिक कापड कोणाच्याच वाट्याचे नाही हे उघड झाले. त्यातले चांगले, न वापरलेले कापड पाहुण्यांच्या कप्प्यात गेले, काही धाकट्या जावेच्या नव्या बिऱ्हाडाला दिले आणि विरलेल्या चादरी तुम्ही 'कंडेम' ठरवून तिथल्या तिथे फाडल्यात. त्यांच्या मधला झिजलेला भाग पुसण्यांसाठी काढलात, तर कडेचा धड भाग उशांच्या आतल्या खोळींसाठी ठेवलात. वापरात नसलेले कापड कपाटातून काढून टाकणे मला सासूबाईंच्या आठवणीमुळे जड जात होते. ते तुम्ही न बोलता ओळखलेत आणि त्यांच्या हातची नक्षी असलेला प्रत्येक अभ्रा बाजूला काढून माझ्या हाती दिलात, याचे मोल मी शब्दांत सांगू शकत नाही.

एकेरी आणि दुहेरी चादरींचा घोळ प्रत्येक घरात असतो. घडी घातल्यावर ६० बाय ९० इंचांची चादर आणि ९० बाय १०८ इंचांची चादर दुरून सारखीच दिसते. तुम्ही सुईदोरा मागून घेतलात आणि दुहेरी चादरीच्या एका कोपऱ्यावर, शिवणीच्या अगदी लगत, लाल दोऱ्याची एक बारीक फुली घातलीत. एकेरीला निळी फुली आणि इलॅस्टिकच्या चादरीला हिरवी. तांदळाच्या दाण्याएवढी ती खूण खाटेवर कोणाला दिसत नाही, परंतु घडी घालताना तोच कोपरा वर येईल अशी सवय तुम्ही आम्हाला लावलीत. आता माझा मुलगाही दिवा न लावता, दाराच्या उजेडात नुसता दोरा पाहून नेमकी चादर काढतो. सर्व घड्या एकाच रुंदीच्या असाव्यात आणि घडीची गोल बाजू बाहेर यावी, म्हणजे मोजायला सोपे जाते आणि ओढताना दोन कापडे एकदम येत नाहीत, हेही तुमचेच. चादरीचा सगळा संच तिच्याच एका अभ्र्यात सरकवून ठेवण्याची पद्धत तर आमच्या घरात सर्वांत आधी रुजली.

मात्र मला सर्वाधिक मोलाचा वाटतो तो कापडाचा फेरा. धुऊन आलेले कापड चळतीच्या तळाशी जाईल आणि वापरायचे ते वरून निघेल, हा नियम ऐकायला अगदी साधा आहे. पूर्वी आमच्याकडे वरच्याच चार चादरी आलटून पालटून धुतल्या जात आणि विरत, तर तळातल्या वर्षानुवर्षे उजेड न पाहता डागाळत. आता घरातली प्रत्येक चादर महिन्या-दीड महिन्यातून एकदा तरी खाटेवर येते, धुतली जाते, वाऱ्याला लागते. बुरशीला आणि कसरीला स्वस्थ पडून राहिलेले कापड हवे असते. फिरत्या कापडात त्यांना बस्तान मांडता येत नाही. त्यामुळे कपाटाची खरी राखण डब्यांनी-गोळ्यांनी होत नाही, वापराने होते, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

कसरीवरून आठवले. चादरींना आणि टेबलक्लॉथना कडक खळ घालून ठेवण्याची आमच्याकडची जुनी रीत तुम्ही थांबवलीत. खळ हे कसरीचे आवडते खाद्य, तेव्हा खळ घालायची ती वापरण्याच्या वेळी, ठेवताना नाही. डांबराच्या गोळ्यांबाबत तर तुम्ही माझ्याकडून शब्दच घेतलात, कारण नणंद बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एका विशिष्ट द्रव्याची कमतरता असते आणि त्या गोळ्यांच्या वाफा मुरलेल्या दुपट्यांमुळे अशा बाळांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ बळावू शकते, ही गोष्ट घरातल्या कोणालाच ठाऊक नव्हती. पुढे बाळाच्या डॉक्टरांनीही तीच सूचना दिली. बाळाचे कापड आता वेगळ्या कप्प्यात, कोणत्याही गोळीविना, नुसते स्वच्छ धुऊन आणि खडखडीत वाळवून ठेवलेले असते.

'खडखडीत' याचा अर्थही तुम्ही हातात धरून दाखवलात. पावसाच्या दिवसांत पडवीत पंख्याखाली वाळवलेली चादर मधोमध कोरडी लागते, पण तिच्या कडेच्या दुमडीत, जिथे कापडाचे तीन पदर एकावर एक शिवलेले असतात, तिथे ओल दडून राहते. ती कड मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहावी, गार लागली तर चादर पुन्हा दोरीवर. इस्त्रीहून आलेले कापडही ऊन ऊन असताना चळतीत ठेवू नये, त्यातली वाफ निघून जाईपर्यंत ते उघड्यावर पसरून ठेवावे. ओल शोषणारे डबे तुम्ही सर्वांत खालच्या कप्प्यात, कापडापासून दूर ठेवायला सांगितलेत, कारण त्यांत साठलेले खारे पाणी सांडले तर डाग धरते. ही सारी काळजी घेऊनही जुलैच्या अखेरीस एका जुन्या पडद्यावर काळे ठिपके दिसले. तेव्हा तुमच्या सांगण्याप्रमाणे तो लगेच बाहेर काढला, उघडीप मिळताच अंगणात वाळवून तिथेच ब्रशने झाडला आणि मग धुतला. घरात झाडला असता तर तीच बुरशी इतर कापडांवर बसली असती.

आता त्या वाकळीविषयी. आजेसासूबाईंच्या नऊवारी लुगड्यांचे थर, त्यांवर काठापासून मध्याकडे जाणारे हातटाके, मध्येच एका जागी टाक्यांची ओळ तिरकी गेलेली. ती वाकळ कपाटाच्या तळाशी इतकी वर्षे एकाच घडीत दबली होती की घडीच्या रेषांवर कापड जीर्ण होऊन सुटू लागले होते. तुम्ही ती उघडून सतरंजीवर पसरलीत आणि ओळीओळीने बोट फिरवत किती तरी वेळ पाहत राहिलात. ती यंत्रात धुवायची नाही, पिळायची नाही आणि पुन्हा जुन्याच रेषेवर दुमडायची नाही, असे बजावून तुम्ही ती मांजरपाटात गुंडाळून सुरळी करून ठेवलीत. सुटलेल्या जागी आतून जुन्याच सुती लुगड्याचे ठिगळ लावलेत, कारण नवे ताठ कापड जुन्याला ओढून फाडते. आमच्या घरातल्या एका बाईच्या हातकामाला तुम्ही जो मान दिलात, तो आम्ही घरच्यांनीही आजवर दिला नव्हता. सासूबाई असत्या तर त्यांनी तुम्हाला जवळ बसवून घेतले असते.

या सगळ्याची कसोटी चवथीलाच लागणार होती. मुंबईची आणि बेळगावची मंडळी येतात, सोप्यावर, माडीवर, जिथे जागा मिळेल तिथे अंथरुणे पडतात आणि तेही ऐन ओलसर दिवसांत. यंदा पाहुण्यांचा कप्पा उघडला, प्रत्येकाच्या हाती चादर, अभ्रा, पांघरूण आणि टॉवेल असा एकेक तयार गठ्ठा दिला आणि मी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधायला मदत करायला गेले. एरवी त्या रात्री मी कपाटाशी असते. सोवळी आणि देवाची वस्त्रे तुम्ही वरच्या वेगळ्या कप्प्यात, सुती कापडात बांधून ठेवलीत, त्यामुळे पहाटे पूजेच्या वेळी तीसुद्धा न शोधता मिळाली. मोठ्या जाऊबाईंनी त्या रात्री कपाटाचे दार उघडून आतली मांडणी पाहिली आणि "हे कोणी केले?" म्हणून विचारले. तुमचे नाव मी मोठ्या अभिमानाने सांगितले.

काकी, तुम्ही लिनन रूममध्ये केलेले काम पाहुण्यांना कधी दिसत नसेल. स्वच्छ चादर खाटेवर असते म्हणून कोणी तिच्याकडे लक्ष देत नाही. त्या कामात किती शास्त्र, किती निरीक्षण आणि किती जिव्हाळा असतो हे मला तुमच्या सोबतीने घालवलेल्या त्या वेळात समजले. आपल्या वाड्यावरच्या दोघीजणींनी त्यांची कपाटे अशीच लावायची इच्छा बोलून दाखवली आहे. खाटांचा हिशोब आणि दोऱ्यांच्या खुणा मी त्यांना शिकवू शकेन, पण जुन्या, नाजूक कापडाला तुमचाच हात हवा. ऑक्टोबरचे ऊन पडू लागले की आम्ही सगळ्यांची पांघरुणे आमच्या अंगणात काढणार आहोत. त्या दिवशी तुम्ही यावे, खुर्चीवर बसून नुसते सांगावे, बाकीचे आम्ही करू. गुडघ्यांमुळे चढण चढवत नाही हे ठाऊक आहे, म्हणून न्यायला आमचे हे गाडी घेऊन येतील. आणि आणलेली साडी अजून तशीच ठेवलेली आहे, ती या खेपेला घ्यावीच लागेल.

कळावे, लोभ असावा.

तुमची शेजारीण