कंडक्टर मावशीला, सुट्ट्या पैशांसह

प्रिय मावशी,

आधी ‘तुम्ही’ लिहायला घेतलं होतं, पत्र चारचौघांत जाणार म्हणून. दोन ओळींत माझं मलाच हसू आलं. जिन्यातून ‘मावशी, विरजण दे गं’ म्हणून ओरडणारी मी, आणि कागदावर एकदम ‘आपण’? तूच बरं.

पत्र सगळ्यांदेखत लिहायचं कारण, तू तोंडावर आभार घेत नाहीस. मार्चपासून मी तीनदा प्रयत्न केला. एकदा म्हणालीस, ‘तो कुकर उतरव आधी.’ एकदा म्हणालीस, ‘दारात उभी राहू नको, पुढे सरक.’ तेव्हा तू ड्युटीवर होतीस, ते एक वेळ माफ. आणि कानबाईच्या, म्हणजे आपल्या खान्देशातल्या श्रावणातल्या देवीच्या, रात्री तर गाणं न थांबवता नुसता हात हलवलास, माशी हाकलावी तसा. एसटीत तक्रार पुस्तक असतं, पण आभार लिहायचं पुस्तक नसतं. म्हणून हे असं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. ८ आणि ९ मार्च २०२५ ला मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा नावाचा मोठा संगीत महोत्सव झाला, आणि त्यात ग्रीन डे आले. भारतात पहिल्यांदाच. ग्रीन डे म्हणजे पॉप-पंक वाजवणारा अमेरिकन बँड. तीन माणसं, गिटार, बास, ड्रम. गाणी छोटी, वेग मेल गाडीचा, आणि चाल अशी की एकदा ऐकली की दिवसभर डोक्यातून उतरत नाही. पाचोऱ्यात ग्रीन डे ऐकणारे आम्ही चौघं. पाचवं कुणी असेल तर कृपया पुढे यावं.

आमच्यातला ड्रमवाला घरच्या बँडमध्ये वाजवतो. लग्नसराईत वरातीपुढे अहिराणी गाणी, आणि सुट्टीत जिनिंगच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये ग्रीन डे. त्याच्या मते दोन्हीकडे काम एकच, लोकांचे पाय थांबू द्यायचे नाहीत. गिटारवरचा पॉवर कॉर्ड, म्हणजे दोन सूर एकदम, मला त्यानंच समजावला. ‘हार्मोनियमवर सा आणि प एकदम दाब, आणि मग स्पीकर फाटला आहे असं समज.’ एवढंच असतं खरं तर. मी गिटार घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन गाणी वाजवू शकले ती यामुळे. (तो आवाज तुझ्या भिंतीपलीकडे येत होता, आणि तू कधी भिंत वाजवली नाहीस. हेही आभारात धर.)

तिकिटांचे पैसे कसे जमवले ते तुला माहीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचला, किलोमागे दहा रुपये. बोंडांनी बोटं अशी ओरबाडली की गिटारच्या तारा धरवेनात. ड्रमवाल्यानं वराती वाजवल्या, चष्मेवालीनं पाचवी-सहावीच्या पोरांच्या शिकवण्या घेतल्या. जानेवारीत चौघांची तिकिटं झाली आणि फेब्रुवारीत चौथा गळाला. त्याची बारावी. भूगोल आणि मोठा भाऊ, दोघंही आडवे आले.

मग आईची अट बाहेर पडली. दोन मुली, एक मुलगा, पावणेचारशे किलोमीटर, रात्र मुंबईत. घरचं मोठं माणूस सोबत नसेल तर कुणी हलायचं नाही. बाबांनी पेपर तोंडावर धरला. मी रडले, जेवणावर रुसले, सगळं करून पाहिलं. तू आमच्या ओट्यावर शेंगा निवडत बसली होतीस. मान वर न करता म्हणालीस, ‘पोरले जाऊ दे. मी शे ना संगे.’

आई बघतच राहिली. मीसुद्धा. तुला विचारलंच नव्हतं गं कुणी.

आणि चौथं तिकीट तू फुकट घेतलं नाहीस. डबा उघडून शंभराच्या नोटा मोजल्यास, वर दहाच्या नाण्यांच्या पुड्या ठेवल्यास. आयुष्यभर लोकांकडे सुट्टे मागणाऱ्या बाईकडे घरी सुट्ट्यांचा एवढा साठा असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

गाडीत तू मला फक्त दोन प्रश्न विचारलेस. पहिला, रेसकोर्स म्हणजे घोडे असतील ना? सारंगखेड्याच्या यात्रेला तू जादा गाडीवर ड्युटी केलेली, म्हणून घोड्यांचा बाजार तुला माहीत. मी म्हटलं, घोडे नसतील, त्या दिवशी फक्त माणसं. तुझी जरा निराशा झाली. दुसरा प्रश्न मनमाड सोडल्यावर आला. मी मोबाईलवर बिली जो आर्मस्ट्राँगचा फोटो दाखवत होते. गातो तो, गिटारवाला.

‘त्याना बाप काय करे?’

खान्देशात माणूस बापावरून ओळखायची पद्धत आहे, ती तू कॅलिफोर्नियालाही लावलीस. पण उत्तर मला माहीत होतं. ट्रक चालवायचा. जॅझमध्ये ड्रमही वाजवायचा. बिली जो दहा वर्षांचा असताना, १९८२ मध्ये, कॅन्सरनं गेला. आई हॉटेलात वाढपी. गावाचं नाव रोडिओ, तिथं तेलाची रिफायनरी.

तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. कुठली तरी आपली लाल गाडी फाटकापाशी उभी होती. मग म्हणालीस, ‘मंग ठीक शे.’

काका एसटीत ड्रायव्हर होते, आणि ही खाकी तुला त्यांच्या जागेवर मिळाली, हे मला आठवायला कसारा घाट आला. आपण तेवढं हुशार नसतो सोळाव्या वर्षी.

रेसकोर्सच्या गेटवर बाहेरचं खाणं चालत नव्हतं. तुझ्या पिशवीत कळण्याच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. फेकायची तुझी तयारी नव्हती. फुटपाथवर पेपर अंथरून तू आम्हा तिघांना बसवलंस आणि एकेक भाकरी संपेपर्यंत उठू दिलं नाहीस. आजूबाजूनं चमचम कपड्यांतली मुंबईची पोरं जात होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यातल्या एका निळ्या केसांच्या मुलीनं थांबून ठेचा मागितला आणि तू तिलाही चतकोर दिलास. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तुझ्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी विसरणार नाही.

आत गेल्यावर पहिलं काम तू थांबा ठरवण्याचं केलंस. पाण्याच्या स्टॉलजवळचा खांब. ‘कुणी चुकलं तर गाडी इथंच उभी राहील. शोधत फिरायचं नाही.’ आणि माझ्या सॅकला लाल फडकं बांधलंस, टपावरच्या बोचक्याला बांधतात तसं. मी कुरकुरले. काय दिसेल ते!

आता पुढचं आईला माहीत नाही. आई, वाचत असशील तर लगेच हाक मारू नकोस, पूर्ण वाच.

ग्रीन डे स्टेजवर आले आणि मागची सगळी गर्दी एकदम पुढे आली. मी पाच फूट. ज्याच्यासाठी कापूस वेचला तो माणूस समोर, आणि मला दिसतायत नुसत्या पाठी. दोन मिनिटं मजा वाटली. मग छाती दबली. हात वर घेता येईना, खाली घेता येईना. चष्मेवाली कुठे, ड्रमवाला कुठे, काही कळेना. ओरडले तर माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. कुणी मुद्दाम काही करत नव्हतं, सगळे गात होते. तेच जास्त भयंकर. सगळे खुशीत, आणि मला श्वास नाही.

आणि शिट्टी वाजली. दोनदा, आखूड. गाडी मागे घेताना तू वाजवतेस तशी. किल्ल्यांच्या जुडग्यात ती तुझ्याबरोबर असतेच, हे मला माहीत नव्हतं. पाठोपाठ तुझा आवाज, जो जामनेर गाडीत ड्रायव्हरपासून शेवटच्या सीटपर्यंत पोचतो. ‘आधी उतरू द्या! उतरणारे आधी! वाट द्या, पोर उतरतेय!’

मुंबईची माणसं हे वाक्य रोज लोकलच्या दारात ऐकतात. कुणी विचार केला नाही. नुसते सरकले. वाट झाली, आणि त्या वाटेनं तू लाल फडकं बघत सरळ माझ्यापर्यंत आलीस.

खांबापाशी मला बसवलंस, मानेवर पाणी मारलंस. माझे दात वाजत होते. तू ‘घाबरू नको’ म्हणाली नाहीस. म्हणालीस, ‘जामनेर गाडीचे थांबे सांग.’

मला वाटलं, उन्हानं हिला काही झालंय.

‘सांग.’

वरखेडी, म्हटलं. पिंपळगाव. मग शेंदुर्णी. लहानपणी पी.जे. नं, म्हणजे पाचोरा-जामनेर छोट्या रेल्वेनं, मामाकडे जायचो तेव्हाची यादी. २०२० मध्ये ती नॅरो गेज बंद पडली आणि आता तुझी बस त्याच गावांवरून जाते. पहूरपर्यंत आले तेव्हा श्वास जागेवर आला होता. मागे स्टेजवर ग्रीन डे वाजत होते, आणि मी जमिनीवर बसून ‘पहूर, पहूर’ म्हणत होते. असं त्या बँडच्या कुठल्याच चाहत्याच्या नशिबी आलं नसेल.

आता तू म्हणशील ‘चल घरी’, याची मी वाट बघत होते. खरं सांगते, मला तेच हवं होतं त्या क्षणी. आईनं नेलंच असतं, आणि तिचं चुकलं नसतं. तू माझ्याकडे बघितलंस, स्टेजकडे बघितलंस आणि विचारलंस, ‘परत पुढे जावानं शे का?’

मावशी, मला जे आभार मानायचे आहेत ते या प्रश्नाचे. शिट्टीचे नाहीत. शिट्टी कुणीही वाजवली असती.

मग तू मला मधून नाही, कडेकडेनं पुढे नेलंस. माझ्यामागे पाय फाकवून उभी राहिलीस. धावत्या गाडीत कशालाही न धरता तिकीट फाडायची तुझी सवय. गर्दीचा धक्का आला की तू टाचेवरून चवड्यावर भार बदलायचीस, बस्स. माझ्यापर्यंत काही येत नव्हतं.

आणि मला दिसलं. सगळं दिसलं. ५३ वर्षांचा माणूस, डोळ्यांत काजळ, गिटार कमरेखाली, पोरासारखा पळतोय. मी ती गाणी दोन वर्षं ऐकून ऐकून पाठ केलेली, निम्मे शब्द चुकीचे. तिथं हजारो लोक बरोबर शब्द म्हणत होते आणि मी माझे चुकीचे म्हणत होते, घसा फाटेपर्यंत, आणि कुणालाही फरक पडत नव्हता. ड्रमचा ठोका कानानं नाही, बरगड्यांनी ऐकू येतो. ड्रमवाला नंतर म्हणाला की तो रडला. चष्मेवाली म्हणते ती रडली नाही, पण चष्मा तिनं चार वेळा पुसला.

मध्येच तू माझ्या कानाशी वाकलीस. ‘हाऊच का तो ड्रायव्हरना पोऱ्या?’

हो म्हटलं. तू मान हलवलीस. आवडलं का, हे मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. नंतर कळलं की तू कानात कापूस घातला होतास, आमच्याच शेतातला.

रात्री दहाला संपलं. महालक्ष्मीहून दादर, दादरहून कल्याण, तुझ्या भाचीकडे चार तास पडलो, पहाटे गाडी. प्रत्येक फलाटावर तू आमची डोकी मोजलीस. तीनच होती गं, तरी बोट दाखवून मोजायचीस.

त्या दोन दिवसांच्या सुट्टीच्या बदल्यात तू काय दिलंस ते तू सांगितलं नाहीस. धुळवडीला आमची सगळी गल्ली रंगलेली, तेव्हा तुला खाकीत जिना उतरताना बघितलं. विचारलं तर म्हणालीस, ‘ड्युटी आहे.’ ड्युटीची अदलाबदल केली होतीस हे आगारातल्या दुसऱ्या मावशींकडून कळलं. होळीची अख्खी रजा गेली तुझी, आणि पुरणपोळी मी आणून दिली ती तू डब्यात भरून गाडीत नेलीस.

एक राहिलं. दुसऱ्यांदा पुढे जाताना तू शिट्टी माझ्या हातात कोंबली होतीस, ‘लागली तर वाजव’ म्हणून. ती माझ्याकडेच आहे, गिटारच्या पिशवीत. तू कधी मागितली नाहीस, आणि मी खरं तर मुद्दाम आठवण काढली नाही. परवा तुझ्या गळ्यात नवी बघितली तेव्हा लाज वाटली.

सोमवारी सकाळी मामाकडे शेंदुर्णीला निघालेय, तुझ्याच गाडीनं. तेव्हा देते. माझं अर्धं तिकीट फाड, आणि ओरडू नकोस, सुट्टे आणते.

तुझी,
शेजारची