फलकाच्या आधी मॉर्फिन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या रुग्णालयाने उपशामक सेवेचा, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरचा कक्ष उघडला की आधी एवढेच विचारावे: तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनच्या गोळ्या तिथे रात्री दोन वाजताही मिळतात का? खाटा, पडदे, समुपदेशक हे सगळे नंतर. हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या कळा पॅरासिटामॉलने भागत नाहीत.

कायदा आता आड येत नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविषयीच्या कायद्यातील 2014 च्या दुरुस्तीनंतर मॉर्फिन, फेंटानिल यांसारख्या तीव्र वेदनाशामक औषधांसाठी अनेक परवाने काढावे लागत नाहीत; राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरते. त्यासाठी वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर नेमायचा, वर्षभराची गरज कळवायची, गोळी-गोळीची नोंद ठेवायची. घोडे अडते ते पुढे. तो एकुलता डॉक्टर बदलून जातो, किंवा मान्यतेची मुदत संपल्याचे कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि साठा आटतो. म्हणून प्रशिक्षित डॉक्टर निदान दोन हवेत.

गोळ्या आल्या तरी वॉर्डात हात आखडतो. व्यसन लागेल, श्वास थांबेल, ही धास्ती डॉक्टरांनाही असते. दुखण्याच्या मानाने हळूहळू वाढवलेल्या डोसने सहसा तसे होत नाही. सुरुवात बहुधा 5 ते 10 मिलिग्रॅमने, दर चार तासांनी. थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला 2.5 ने. मूत्रपिंड बिघडले असेल तर मॉर्फिनचे घटक शरीरात साठून ग्लानी येते, तिथे फेंटानिल बरे. मध्येच कळ उठली तर दिवसभराच्या डोसाचा साधारण सहावा हिस्सा जादा द्यावा. सततच्या दुखण्याला ‘दुखेल तेव्हा घ्या’ एवढेच लिहिणे ही मोठी चूक, कारण कळ चढल्यावर ती आवरायला जास्त औषध लागते. आणि पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून हवेच! ते राहिले की बद्धकोष्ठतेने हैराण झालेला रुग्ण गोळीच सोडतो आणि घरचे म्हणतात, मॉर्फिन सोसले नाही.

घरी सोडताना वेळांचा तक्ता मराठीत, मोठ्या अक्षरांत द्यावा. गोळ्या पुढच्या भेटीपर्यंत पुरून दोन-तीन दिवसांच्या उराव्यात, नाहीतर जोडून सुट्ट्या आल्या की रुग्ण पुन्हा कळांत सापडतो.

कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या रुग्णालयात या गोळ्या मिळतात याची यादी आरोग्य विभागाने प्रसिद्ध करावी आणि दर महिन्याला ताजी करावी. सोबत औषध विभागाची वेळ आणि फोन नंबरही असावा.

आपली,
उपशामक सेवेतील एक परिचारिका, पुणे